तिरकी पट्टी

सूर्यास्त बघायला जाणाऱ्या माणसांबद्दल पेंटरकाकांचं मत काही बरं नव्हतं. रिकामटेकडे लेकाचे! रोज बुडतो तो, त्यात बघायचं काय? स्वतः त्यांनी तो कधी धड पाहिला नव्हता, पण फोटो स्टुडिओच्या पडद्यावर मात्र जन्मभर रंगवला. केशरी आभाळ, खाली तळं, आणि पाण्यावरून डाव्या कोपऱ्यातल्या होडीकडे तिरकी गेलेली सोनेरी पट्टी. जुना पडदा विटला की नव्यावरही तेच. गावातली निम्मी नवी जोडपी त्यापुढे अवघडून बसून गेली होती.

मग स्टुडिओच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, एक दिवस सांगितलं की आताच्या जोडप्यांना पडदा नको, खरा सूर्यास्त हवा. जवळपासची सगळ्यात चांगली जागा काकांनीच शोधावी. नाहीच मिळाली तर पडदा राहील. ज्याचा पडदा उतरायचा त्यालाच जागा शोधायला धाडणारे शेठ किती शहाणे, ते यावरून कळावं.

काका मोठ्या उमेदीनं नावं ठेवायला बाहेर पडले. पुलावरून बघावं तर सूर्य थेट गोदामाच्या पत्र्यामागे, आणि रंग कसला, कावीळ झाल्यासारखा. टेकडीवर ही गर्दी, आणि जो तो सूर्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढण्यात गुंग. एक बाई सूर्य चिमटीत धरल्याचा आव आणून उभी होती. नवरा 'जरा वर, जरा खाली' करत बसला, तोवर सूर्य गेलासुद्धा. काकांनी नाक मुरडलं. रोज येऊन ते शेठना सांगायचे की काही दम नाही, आणि मग पडद्यावरची धूळ प्रेमानं झटकायचे.

राहता राहिला तलावाचा बांध. त्या दिवशी बायकोही निघाली. गळ्यात लोढणं नको म्हणून काकांनी बरंच टाळलं, पण ती ऐकते कसली. बांधावर चिटपाखरू नव्हतं. सूर्य टेकला आणि काकांना नाव ठेवायला काही सुचेना.

"अहो, स्टुडिओतल्या आपल्या फोटोत तुमची पट्टी तिरकी का हो?" बायकोनं विचारलं. "ही पाण्यावरची तर सरळ माझ्या पायाशी येतेय."

तुला काय कळतंय, असं पुटपुटत काका बांधावरून बरेच लांब चालत गेले. पट्टी त्यांच्याबरोबर चालत आली. ते थांबले की थांबायची, त्यांच्याच पायाशी. त्यांनी बायकोला हाक मारून विचारलं, तर ती म्हणाली, अजून माझ्याकडेच आहे की. बघणाऱ्याला सोडून होडीकडे वळणारी पट्टी जगात कुणालाच दिसली नसती. काकांना स्वतःचीच शिसारी आली. ज्या रिकामटेकड्यांना ते जन्मभर हसले, त्यांतल्या कुणालाही हे ठाऊक असणार.

घरी पोहोचेपर्यंत जागा दडवायचंच त्यांच्या मनात होतं. पण सकाळी स्टुडिओत पडद्यासमोर उभं राहवेना.

"तलावाचा बांध," ते शेठना म्हणाले. "त्याच्यापुढे दुसरी जागा नाही. आणि पडदा उतरवा. चुकलाय तो."

शेठनी हातातलं काम सोडलं नाही. "चुकलाय? काका, पडद्याकडे आजवर बघितलंय कुणी? लोक चेहरे बघतात."

काका स्टुलावर चढून पडद्याच्या गाठी सोडू लागले. एवढी जोडपी बसली, एवढे फोटो घरोघरी लागले. मेल्यांनी एकदा तरी चूक काढायला हवी होती.