गाडीचं दार मी उघडलं नव्हतं

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. जळगावात माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. बटण दाबल्याशिवाय काही सुरू होत नाही, एवढंच मला कळतं... म्हणूनच डोकं चक्रावलंय.

माझी मुलगी नेहा धुळ्याला नोकरी करते, शनिवारी गाडीने घरी येते. गाडी माझ्या नावावर, म्हणून तिचं अ‍ॅप माझ्या मोबाईलमध्ये. गाडी कुठे आहे ते दिसतं, पिन टाकला की इथून दारंही उघडतात.

"पप्पा, माझ्यावर पाळत नको. ते अ‍ॅप काढून टाका," ती म्हणाली होती.

काढलं, असं सांगितलं. काढलं नव्हतं. चोरून बघायचो.

मे महिन्यातली दुपार. पारोळ्याच्या अलीकडे, भर उन्हात, गाडी रस्त्याकडेला थांबलेली दिसली. बराच वेळ हलेना. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? कुणाला तरी भेटतेय! फोन करावा, तर माझी चोरी उघडी पडणार. चिडून मोबाईल काउंटरवर पालथा टाकला आणि एक मोटार खोलायला बसलो.

थोड्या वेळाने नेहाच्या नंबरवरून फोन आला. हात माखलेले, म्हणून मनगटानेच मोबाईल उलटवून स्पीकरवर घेतला. आवाज कुणा म्हाताऱ्या शेतकऱ्याचा.

"भाऊ, हाई तुमनी पोर शे ना? गाडीमा चक्कर ईसन पडी गयी व्हती. काच फोडाले दगड उचला, तितलामा दार आपसूक उघडनं. आते बरी शे."

मोबाईलवर मेसेज होता — दारं उघडली, तुमच्या मोबाईलवरून. माझे हात ग्रीसने काळे... आणि स्क्रीनवर एकही डाग नव्हता.

सर्व्हिस सेंटरच्या पोराला विचारलं, हॅक झालं असेल का? तो हसला. "पिन बरोबर टाकलाय, काका. आणि हॅक करून कोण कुणाचं भलं करतं?"

दवाखान्यात नेहाने माझा हात धरला. "बरं झालं पप्पा, अ‍ॅप काढलं नाहीत. तुमचं लक्ष होतं म्हणून वाचले."

मी नुसती मान हलवली. लाज वाटली, तरी हलवली.

आता धुळ्याहून निघताना तीच फोन करते — "पप्पा, बघताय ना?"

"बघतोय," मी म्हणतो.

दार कुणी उघडलं, अजून कळलेलं नाही. मी नाही, एवढं पक्कं माहीत आहे... माझी पोर आत गुदमरत होती, तेव्हा मी तिच्यावर संशय घेत बसलो होतो. हे तिला अजून सांगवत नाही.