उधाणाचं पाणी

मनोरीच्या सकाळच्या शाळेत मी नुकतीच शिकवायला लागले होते. दुपारी मार्व्याला परतताना होडीत एक पेन्शनर गृहस्थ भेटायचे, तेही फक्त पौर्णिमा-अमावास्येला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, काखेत प्लास्टिकचा कॅन. खाडीच्या मध्यावर ते वाकून कॅन भरायचे, पाण्याचा थेंब जिभेवर टेकवायचे आणि कॅन मांडीवर घेऊन बसायचे.

एकदा मी विचारलंच.

"घरी काचेच्या टाकीत समुद्राचा मासा आहे," ते म्हणाले. "जाळ्यात जिवंत सापडला, म्हणून या होडीवाल्यानेच दिला."

"मग पाणी रोज का नाही नेत?"

होडीवाला हसला. "पहिल्यांदा ओहोटीचं गढूळ पाणी नेलं, नि टाकीतलं सगळंच बदललं यांनी. वाट लागली माशाची!"

गृहस्थ ओशाळले. "आडवाच झाला होता हो. आता फक्त उधाणाच्या भरतीचं स्वच्छ पाणी नेतो, आणि पाव टाकीच बदलतो. बाकीचं त्याच्या ओळखीचं राहू द्यायचं."

"जगेल ना?"

"खायला लागलाय," ते म्हणाले, घरातलं कुणी तापातून उठल्याचं सांगावं तसे.

चाळ सोडून चारकोपच्या नव्या घरात आल्यापासून माझं मन लागत नव्हतं. त्या संध्याकाळी मी ट्रंकेतून चाळीतला जुना पडदा काढला आणि नव्या खिडकीला लावला.

पुढच्या अमावास्येला त्यांच्याकडे दोन कॅन होते.

"दोन कशाला?"

"त्याला सोबत आणलीय," म्हणत त्यांनी एक भरलेला कॅन माझ्या मांडीवर ठेवला; आत आणखी एक मासा सळसळला. "घट्ट धरा हां."