छापील रकाना

बायकोला ताप होता, म्हणून मुलीच्या शाळेत पालकसभेला मी गेलो. वर्गात बहुतेक आयाच होत्या. रांगेत माझ्यापुढे रंगकाम करणारा एक बाप उभा होता. त्याच्या नखांत अजून चुना होता.

"आई नाही आल्या?" बाईंनी त्याला विचारलं. "अभ्यासाचं त्यांच्याशी बोलायचं होतं."

"माझ्याशी बोला," तो म्हणाला. "मी सातवीपर्यंतच शिकलोय. पण पोरगी रोज मला धडा वाचून दाखवते. जोडाक्षराला अडखळते, ते मला ठाऊक आहे."

बाईंनी सहीची वही पुढे केली. रकान्यावर 'आईची सही' असं छापलेलं होतं. त्याने 'आईची' खोडलं, वर सावकाश 'वडिलांची' लिहिलं आणि सही केली.

"अहो, छापील वही आहे ती."

"पुढच्या वर्षी नीट छापा."

मला वाटलं, त्या रकान्यातून आम्हा बापांना कुणी हाकललं नव्हतं. दप्तर आणून दिलं की आपलं काम संपलं, असं आम्हीच ठरवलं होतं.

माझा नंबर आला. मुलगी कशात कच्ची आहे, असं बाईंनी विचारलं. ते मला सांगता येईना.

"मिसेसना पाठवा मग," बाई म्हणाल्या.

"नाही," मी म्हणालो. "मला सांगा. यापुढे मीच येणार आहे."