चाळिसाव्या घराची साक्ष

सेनगावात दरवर्षी व्हिडिओ गेमचे पुरस्कार देतात आणि यंदाच्या शेवटच्या पाचांत तुमचा गेम आहे, असा फोन आला. फोन ठेवल्यावर मी आधी तो नंबर फसवणुकीच्या यादीत आहे का ते पाहिलं. नव्हता. म्हणजे चोर नवा आहे, एवढंच मी त्यातून काढलं.

मी कोल्हापुरात लग्नपत्रिकांच्या छापखान्यात मजकूर आणि नक्षी जुळवते. फावल्या वेळात मोबाईलवरचा एक गेम केला, नाव 'पाट'. डोंगरातल्या तळ्याचं पाणी पाटांतून शेतापर्यंत न्यायचं, मोजून दिलेले दगड टाकून ते वळवायचं. अशी चाळीस घरं, म्हणजे टप्पे. फोनवरचे गजानन, सेनगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारे, मोठ्या उत्साहानं म्हणाले, "मॅडम, आमच्या एका बाईनं तुमची चाळीसच्या चाळीस घरं पुरी केली!" तिथंच माझा संशय पक्का झाला. कारण चाळिसावं घर सुटतच नाही. ते मी घाईत केलं होतं. गेम बाहेर पडल्यावर सोडवायला बसले तेव्हा लक्षात आलं, पण तिथवर कुणी पोचत नव्हतं, एकही तक्रार येत नव्हती. मग मीही तो विषय सोडून दिला.

खोटं पकडायला चालले आहे, असं मी घरी सांगितलं. ते निम्मंच खरं होतं. तीन वर्षांत त्या गेमबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि मला पुरस्कार हवा होता.

नांदेडहून एसटी मिळाली. वारंगा फाट्याला उतरून गरम खिचडी आणि तळलेली मिरची खाल्ली. पाण्याच्या बाटलीचं सील मी दोनदा तपासलं, तेव्हा गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "पाणीच हाय बाई, बेफिकीर प्या." पुढे कळमनुरी, हिंगोली. तिथून सेनगावला काळीपिवळी जीपनं (आपल्याकडचं वडाप). सोयाबीन निघून गेलेली रानं मोकळी पडली होती, तुरी कमरेच्या वर आल्या होत्या आणि कपाशी फुटून पांढरी झाली होती. माझी बॅग टपावर टाकली होती. दर थांब्याला मी मान बाहेर काढून ती आहे ना ते बघत होते. शेजारच्या बाईनं न राहवून विचारलं, "सोनं हाय का काय त्यात?" मी नाही म्हटलं, पण मान काढायची थांबले नाही.

गजानन स्टँडवर घ्यायला आले होते. पस्तिशीचे, घाईघाईत बोलणारे. दुकानात नेऊन त्यांनी चहा दिला आणि निवाड्याची पद्धत सांगितली. दुरुस्तीला टाकून लोक परत न्यायला येत नाहीत असे फोन त्यांच्याकडे पडून असतात. शेवटच्या पाच गेमपैकी एकेक गेम त्यांत घालून ते फोन महिनाभर गावात पाच जणांकडे देतात, काही न शिकवता. समारंभात ते पाच जण स्टेजवर साक्ष देतात आणि नंतर आपसात बसून निकाल ठरवतात.

"मग मला तुमच्या साक्षीदार बाईंना भेटायचंय," मी म्हणाले.

"ते नाही जमत मॅडम. साक्षीच्या आधी बनवणाऱ्यानं भेटायचं न्हाई. तुमचं नाव बी सांगत नसतो आमी. गादीवाल्या आपा तर लई कडक हायेत." गजाननांनी जीभ चावली.

भेटू देत नाहीत म्हणजे भेटण्यासारखं काही नाहीच, असा हिशोब मी मनात केला. लॉजवर बॅग टाकली, खोलीची कडी ओढून पाहिली, आणि गादीचं दुकान शोधत निघाले. स्टँडमागच्या गल्लीत ते एकच होतं.

थंडी तोंडावर आलेली, त्यामुळे दुकानात रुईचे ढीग. पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई ओढणी तोंडाला बांधून गादीला टाके घालत होत्या. दुकानाच्या पाटीवर मुमताज असं नाव होतं; त्याच गादीवाल्या आपा. मी माझं नाव सांगितलं नाही. उशी हवी म्हणाले.

"नरम का कडक?"

"मध्यम."

"बसा, भरून देते."

मी बसले, आणि माझी नजर कोपऱ्यातल्या कापडावर गेली. गादीच्या लाल पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावर खडूनं रेघा मारल्या होत्या आणि त्यांवर सरक्या (कपाशीच्या बिया) मांडल्या होत्या. मी ते ओळखलं. माझं चाळिसावं घर होतं ते, तळं, तिन्ही पाट, वळणांसकट.

"हे काय मांडलंय, आपा?" मी विचारलं.

"मोबाईलातला खेळ हाय. फोनवर डोळे दुखतात, म्हणून इथं सरकी मांडून बघून राहिले. एकोणचाळीस घरं बराबर झाली. हे शेवटचं होऊनच न्हाई राहिलं. एक दगड कमी पडतो. पंधरा दिवस झाले."

"गजानन तर म्हणाले..." असं मी म्हणणार होते, पण थांबले. उत्साही माणूस, चाळिसाव्या घरात पोचल्या हे ऐकून पुरी झाली असं समजला असणार. आपांनी काहीच खोटं सांगितलं नव्हतं.

"मग सोडून द्या ना," मी म्हणाले. "गेममध्येच चूक असेल."

"काहून सोडू?" त्यांनी रुई दाबून भरली. "ज्यानं बनवला त्यानं आधी सोडवून बघितला असंलच की. आपलंच डोकं कमी हाय."

तेव्हा बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी उशी घेतली, पैसे दिले आणि निघाले. लॉजवर आल्यावर दार नीट लागलं का ते पाहायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात पत्रिकेवर अकराची वेळ होती. एकला सत्कार सुरू झाले आणि अडीच वाजले तरी शाली संपेनात. पुरस्काराचं चिन्ह टेबलावर रुमालाखाली झाकून ठेवलेलं. त्यावर आधीच कुणाचं नाव कोरलंय का, हे पाहायला मी पाणी प्यायच्या निमित्तानं जवळून गेले. नाव नव्हतं. सगळं सरळ चाललेलं होतं आणि त्यामुळे मला आणखीच अस्वस्थ वाटत होतं.

साक्षी सुरू झाल्या. हट्टा गावच्या एका मुलीनं केलेल्या, हळदीच्या रानातून माकडं हाकलण्याच्या गेमला सगळ्यांत जास्त हशा मिळाला. शेवटी आपा उठल्या. माईक त्यांनी हातात घेतला नाही, त्याच्याजवळ वाकून बोलल्या.

"एकोणचाळीस घरं केली. चाळिसावं माझ्याच्यानं झालं न्हाई."

गजाननांचा चेहरा पडला. मागून कुणीतरी ओरडलं, "आपा, फेल झाल्या की!" लोक हसले.

"व्हय, मी फेल झाले," आपा म्हणाल्या. "खेळ फेल न्हाई. पाणी कसं वळतं ते बनवणाऱ्याला ठाऊक हाय. माझ्या मतानं इनाम त्यालाच द्या."

पाचही साक्षीदार पडद्यामागे गेले. पाच मिनिटांनी परत आले आणि गजाननांनी 'पाट'चं नाव पुकारलं. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात चिन्ह आलं. खूप आनंद झाला, हे लपवत नाही. "दोन शब्द बोला मॅडम," म्हणून त्यांनी माईक पुढे केला. आभार मानून उतरले असते तर कुणाला कधीच काही कळलं नसतं. पण पहिल्या रांगेत आपा टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यांना अजून आपलंच डोकं कमी वाटत होतं.

"चाळिसावं घर कुणालाच सुटणार नाही," मी म्हणाले. "त्यात एक दगड कमी आहे. ती माझी चूक. मला ठाऊक होती."

टाळ्या थांबल्या. आपा उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे नीट पाहू लागल्या.

"तुमी काल उशी नेली ना माझ्याकडून?"

"हो."

"मी तुमच्यापुढं सरकी मांडून बसले होते. तवा काहून न्हाई बोलल्या?"

"भेटायचं नाही असा नियम होता..."

"मग आल्या काहून?"

"तुम्ही खेळलाच नसाल असं मला वाटलं होतं," मी म्हणाले. "आणि खेळलात हे दिसल्यावर लाज वाटली."

"पंधरा दिवस," आपा म्हणाल्या, "मी सवताला येडी समजून राहिले."

सूत्रसंचालकानं घाईनं आभाराचा कागद काढला. आपा स्टेजवर आल्या, माझ्या हातातलं चिन्ह घेतलं आणि टेबलावर ठेवलं. "राहू द्या इथंच. आधी दगड टाका. मी खेळून बघते, मंग न्या." कुणी हरकत घेतली नाही. शाल तेवढी माझ्या खांद्यावर राहिली, ती परत मागायचं बहुतेक कुणाला सुचलं नाही.

परतीच्या काळीपिवळीत बॅग टपावरच होती. मी एकदाही पाहिली नाही. या गावाला मी आल्यापासून पारखत होते. फोन, पाणी, कडी, चिन्ह, सगळं तपासलं होतं. ज्या एका गोष्टीची तपासणी खरंच हवी होती ती मी तीन वर्षं टाळली होती, आणि तिची किंमत एका अनोळखी बाईनं स्वतःला कमी समजून चुकवली होती. नांदेडपर्यंत मला फार वाईट वाटत राहिलं.

घरी येऊन दगड वाढवला. मग स्वतः सोडवायला बसले. पाच दिवस लागले. सुटलं तेव्हा गजाननांना दुरुस्त केलेला गेम पाठवला, आणि संध्याकाळी आपांचा व्हिडिओ कॉल आला.

"या वक्ती तुमी सोडवून बघितलं का आधी?"

"हो, आपा."

"दाखवा."

मला त्यांचा राग आला नाही. तो हक्क त्यांचा होता. दुसऱ्या फोनवर चाळिसावं घर उघडलं, त्यांना दिसेल असं धरलं आणि पहिला दगड टाकला. दुसरा घाईत चुकीच्या वळणावर टाकला, पाणी भलत्याच पाटात गेलं आणि शेत कोरडं राहिलं. पलीकडे आपांचा हात फोनकडे आला. मला वाटलं, आता फोन बंद करतील.

"घाबरू नका, ताई," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा मांडा. मी हाय बसलेली."