ओखोन म्हणायला कुणीतरी

अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या शेजारच्या आयरिश आजींची धाकटी बहीण गेली, तेव्हा आजी रडल्या नाहीत. आमच्या दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "आता मला साथ द्यायला कुणी उरलं नाही."

आयर्लंडमध्ये त्यांच्या आईच्या गावात माणूस गेलं की बायका प्रेताजवळ बसून शोक गायच्या. एकीनं मेलेल्याशी बोलायचं, त्याचे गुण गायचे, सोडून गेल्याबद्दल चार शब्द सुनवायचे आणि थांबायचं. मग बाकीच्यांनी 'ओखोन, ओखोन', म्हणजे 'हाय रे हाय', म्हणत तो आकांत उचलून धरायचा. दोघी बहिणी हे आईकडून शिकल्या होत्या. आजी आधीचं गायच्या, बहीण ओखोन उचलायची. आता उचलणारीच गेली होती.

"तू फक्त ओखोन म्हण, बाकीचं मी बघते," आजी म्हणाल्या. आमच्याकडे विदर्भातही बायका हेल काढून रडतात, त्यामुळे मला वाटलं, जमेल. त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत आमची तालीम झाली. माझी लेक म्हणाली, "आई, धिस इज सो वीअर्ड." मी तिला गप्प केलं.

फ्युनरल होममध्ये मंद पियानो, जाड गालिचा, स्क्रीनवर हसरे फोटो. त्या नीटनेटक्या शांततेची मला चीडच आली. आजी शवपेटीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुरुवात केली. त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता, पण अंगावर काटा आला. लोक खाली बघायला लागले. मग आजी थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी श्वास घेतला, तेवढ्यात त्यांचा मुलगा लगबगीनं आला. "इट्स ओके, मॉम, कम," म्हणत खांदे धरून त्यांना बाहेर घेऊन गेला. माझं ओखोन बंद होणाऱ्या दारानं ऐकलं. मुलानं सगळं मायेनंच केलं होतं, तरी मला त्याचा फार राग आला.

काही दिवसांनी मी आजींकडे गेले. त्यांच्याजवळ बसून हळूच म्हटलं, "ओखोन."

त्यांनी माझा हात थोपटला. "ते नंतरचं, पोरी. मी जाईन तेव्हा तू म्हणशील, मला माहीत आहे. पण त्याच्या आधीचं कोण म्हणणार?"