आधी नाव, मग बदली

तलाठी म्हणून मी मोताळा तालुक्यात उभी हयात घालवली आणि येईल त्याला एकच सांगितलं: आधी सातबाऱ्यावर नाव लाव, मग पुढचं बोल. या सल्ल्यानं कुणाचं नुकसान झालं नव्हतं. झालं ते माझ्याच घरात, निवृत्तीनंतर, सुनेचं.

बोंडअळीनं बीटीची बोंडं आतून पोखरली, त्या हंगामानंतर सुनेनं आमच्या वावरात सरळ वाणाची, म्हणजे संकरित नसलेली कपाशी लावली. आपल्याच पिकातून बी धरायचं, पाकिटं भरायची, विकायची. बीटीला विटलेली माणसं लांबून विचारू लागली, तेव्हा तिनं वेबसाइट काढली. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, बुलढाण्याच्या एका रिसेलरकडून घेतलं. मोठ्या कंपनीकडची नावं पुढं विकणारा हा दुकानदार. नाव सुचलं सुनेला, पाकिटांवर छापलं तिनं. पण कागदोपत्री मालक म्हणून या गड्यानं स्वतःलाच लावून घेतलं होतं. ऐन पेरणीच्या तोंडावर साइट बंद पडायची आणि हा फोन उचलायचा नाही. शेवटी कंटाळून तिनं डोमेन मेहकरच्या दुसऱ्या रिसेलरकडे न्यायचं ठरवलं. याच्याकडून बदलीचा कोड घ्यायचा, मेहकरला द्यायचा, आठवड्याभराचं काम.

मी आडवा आलो. दुसऱ्याच्या नावावरची वस्तू कुणी हलवतं का? ती म्हणाली, "बाबा, आधी हलवू द्या. नावाचं मंग पाहू." मी तिलाच कायदा शिकवला. मग स्वतः बुलढाण्याला गेलो आणि रिसेलरसमोर बसून मालकाच्या रकान्यात नाव लावून घेतलं. माझं. घरातला कर्ता मी, वावर माझ्या नावावर. आणखी कुणाचं लावायचं असतं, हे डोक्यातही आलं नाही. ईमेलही माझाच दिला, पेन्शनच्या कामापुरता काढलेला. तो गालातल्या गालात हसत होता. मला वाटलं, घाबरला.

मालक बदलला की साठ दिवस डोमेन दुसरीकडे नेता येत नाही, हे सुनेनं कोड मागितल्यावर कळलं. मी तणतणत त्याच्याकडे गेलो, तर तो थंडपणे म्हणाला, "काका, मले मालूम होतं. तुम्ही विचारलं कुठं?" त्या माणसाचा राग मला आजही येतो.

त्या साठ दिवसांच्या सुरुवातीलाच डोमेनची मुदत संपली. नूतनीकरणाच्या सूचना मालकाच्या ईमेलवर येतात. त्या माझ्याकडे आल्या, आणि मी तो ईमेल महिनोन्‌महिने उघडत नव्हतो. साइट बंद पडली तेव्हा सुनेला वाटलं, हे नेहमीचंच दुखणं. साठ दिवस सरले की मेहकरला नेऊ. मुदत संपल्यावर पैसे भरायला मिळतात ते सवलतीचे दिवसही त्यातच गेले आणि नाव कुणी तिसऱ्यानंच उचललं. आता जुन्या पाकिटावरचा पत्ता कुणी उघडला, की समोर बीटी बियाण्याच्या जाहिराती येतात.

सुनेनं त्या मला फोनवर दाखवल्या. मी रिसेलरला शिव्या घालू लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्याले काऊन बोलता, बाबा? वावर तुमच्या नावावर हाये, त्याच्यासाठी मी कधी तोंड उघडलं नाही. हे तं माह्यं होतं."

पुढं तिनं नवं डोमेन घेतलं. ते काय आहे, हे मला गावातल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं.