दिराच्या नावावरचे सिम

मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघायचे होते, त्या सकाळी मी कुडव्याच्या मोबाईल दुकानात रोमिंग सुरू करायला गेले.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, सिम तो आपके नाम पे हैच नहीं. जिसका है, उसको लाओ."

ते सिम कधीतरी दिराने स्वतःचे आधार देऊन आणले होते. मी चिचगडला, दिराच्या घरी फोन लावला. धाकटी जाऊ म्हणाली, "ते मोहा वेचाले जंगलात गेले, बाई. फोन घरीच हाय. तिकडे टावर नाही, कायले नेतील?"

दुपारी माझी गाडी होती. मी मुलीला सांगितले, "तिथे माझा फोन चालणार नाही. विमानतळावर कोणाला तरी पाठव."

"कोणाला पाठवू, आई? तुझ्या जावयाला सुट्टी नाही आणि मला उठवत नाही."

मी तिच्या घराचा पत्ता कागदावर लिहून घेतला.